शांत बसलेल्या सशाकडे बघायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तो दिवस तुम्हाला कदाचित तितकासा आठवत नसेल. जनावरांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. माझ्या मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात कापशी आणि समोर दोन परकी कुत्री धापा टाकत बसलेली. "काय झालंय हिला?" असं तुम्ही सहज विचारलंत. मी म्हटलं, "फार काही नाही. काल रात्रीपासून खात नाहीये. पण त्रास काही नाही देत, अगदी शांत आहे."

तुमचा चेहरा एकदम बदलला. "काल रात्री किती वाजल्यापासून?" मला नीट सांगताही आलं नाही. तुम्ही उठून आत गेलात, ह्या सशाला आधी बघा म्हणून सांगितलंत आणि रांगेतला तुमचा नंबर मला दिलात. तुमच्या स्वतःच्या सशाला घेऊन तुम्ही त्या दिवशी किती वेळ थांबलात, हे मी आजवर विचारलेलं नाही.

कापशीचं पोट बंद पडत चाललं होतं. सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर ते मंदावतं, वायू धरतो आणि जिवावर बेततं. मी आयुष्यभर कुत्री पाळलेली. कुत्र्यानं एक वेळचं जेवण सोडलं तर आपण संध्याकाळपर्यंत वाट बघतो. त्याच हिशोबानं मी सशाची वाट बघत होते.

औषधं घेऊन बाहेर आल्यावर तुम्ही एकच विचारलंत, "घरात कुत्री आहेत का?" आहेत म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात. पिंजरा तेव्हा बाहेरच्या खोलीत, जमिनीवर होता. मोती दिवसभर त्याच्याशेजारी पडून असायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी कौतुकानं सांगायचे की बघा, कसा प्रेमानं राखण करतो. तुम्ही अर्धा तास काही न बोलता जमिनीवर बसून राहिलात. मग हळूच म्हणालात, "मोतीचं तोंड बघा. मिटलेलं आहे. कान पुढे, शेपटी थांबलेली, नजर हलत नाहीये. आता हिच्याकडे बघा." कापशी अंग आक्रसून, कान पाठीला चिकटवून, डोळे मोठे करून बसली होती. महिनाभर मी त्यालाच शांत म्हणत होते.

ससा घाबरला की सहसा ओरडत नाही, गोठतो, हे तुम्ही सांगितलंत. आणि दुसरी गोष्ट, जी मला आजही अस्वस्थ करते: सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. म्हणजे पाठ फिरवूनही तिला मोतीपासून नजर सोडवता येत नव्हती. त्यात वासाची भर. तिला लपायला जागाच मी ठेवली नव्हती.

त्याच संध्याकाळी पिंजरा आतल्या खोलीत गेला, दार बंद झालं. दोन्ही बाजूंना भोकं पाडलेलं खोकं तुम्ही स्वतः कापून दिलंत. एकच भोक म्हणजे सापळा, म्हणालात; आत शिरलेल्याला मागून निघता आलं पाहिजे. वाळलेलं गवत कायम समोर, पेलेट्स (सशाचं गोळ्यांचं खाद्य) मोजून. आठवड्याभरात कापशी पाय लांब करून झोपायला लागली. माझ्या घरात तिला तसं झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे महिने तुम्ही किती संयमानं काढलेत! आधी नुसते एकमेकांच्या वासाचे कपडे इकडून तिकडे. मग मोती पट्ट्यावर, फिरून दमून आलेला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. कापशी कुंपणाच्या आत. त्यानं तिच्याकडे बघून मान वळवली की लगेच खाऊ. पाच मिनिटं, बस. कापशीनं मागचा पाय आपटला की त्या दिवशीचं तिथेच थांबायचं. मला घाई होती, मी दर वेळी अंतर कमी करू बघायचे आणि तुम्ही दर वेळी नाही म्हणायचात.

माझ्या दुसऱ्या कुत्रीच्या, ब्राऊनीच्या बाबतीत तुम्ही जे बोललात ते पचवायला मला फार जड गेलं. खारीमागे ती कशी सुटते ते तुम्ही दोनदा पाहिलंत आणि सांगितलंत, "हिची आणि कापशीची भेट नको. कधीच नको." मी रडले. तुम्ही म्हणालात, हे तिच्या रक्तात आहे, तिचा दोष नाही आणि माझाही नाही. आता ब्राऊनी आणि कापशीमध्ये नेहमी दोन बंद दारं असतात. एक उघडायच्या आधी दुसरं लागलंय का बघायचं, हे घरातल्या सगळ्यांच्या हाताला वळण लागलंय. ब्राऊनीला वेगळा वेळ, वेगळं फिरणं मिळतं आणि ती आनंदात आहे.

आणखी एका फोनसाठी तुमचे आभार मानायचे राहिलेत. कुत्र्यांच्या मानेवर गोचीड-पिसवांचं औषध सोडता सोडता कापशीलाही थेंबभर लावू का, असं मी विचारलं होतं. त्या औषधात फिप्रोनिल होतं. सशासाठी ते विषारी आहे, जीव जाऊ शकतो. तुम्ही फोन उचलला नसता तर मी ते लावलं असतं, ताई.

आणि ती रात्र. दार उघडं राहिलं, मोती आत शिरला. कापशी खोक्यात घुसून दुसऱ्या तोंडानं पलंगाखाली गेली आणि "थांब" म्हटल्यावर मोती थांबला, कारण तो शब्द तुम्ही आमच्याकडून घोटून घेतला होता. तरी मी थरथरत होते. रात्री अकरा वाजता तुम्ही फोनवर सांगत राहिलात: केसांखाली बोटं फिरवा, दाताचं बारीक छिद्र वरून दिसत नाही आणि तेवढ्यानंही सशाला जबर संसर्ग होतो, पाठ हळू तपासा, खेळायला टाकलेल्या पंजानंही सशाचा कणा दुखावतो, आणि सकाळपर्यंत लेंड्या मोजा. भीतीनंसुद्धा पोट थांबतं, म्हणालात. पहाटे चारला पहिल्या लेंड्या दिसल्या तेव्हा मी तुम्हाला मेसेज केला. तुमचं उत्तर त्याच मिनिटाला आलं. तुम्हीही जाग्याच होतात.

अजूनही सकाळी उठल्यावर मी आधी गवत किती संपलं आणि लेंड्या किती झाल्या ते बघते. मग चहा.

काल संध्याकाळी कापशी एका कुशीवर धपकन आडवी झाली, पाय ताणून, डोळे अर्धे मिटून. कुंपणापलीकडे, दोन हात लांब, मोती तिच्याकडे पाठ करून घोरत होता. मी पट्टा हातात धरून मध्ये बसले होते. तुम्हाला फोटो पाठवावा असं फार वाटलं, पण फोन दुसऱ्या खोलीत होता आणि उठले असते तर ती जागी झाली असती.

तुमची ऋणी,
कापशी, मोती आणि ब्राऊनीची आई