अरोरा राहू दे, आधी सड्यावर या

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'अरोराचा आवाज' (अरोरा म्हणजे ध्रुवांकडे आभाळात दिसतो तो रंगीत उजेड) म्हणून जे छापलंत ते वाचलं आणि राहवेना म्हणून लिहितोय. आवाज नाहीये हो तो, रेडिओ लहरी आहेत, फक्त त्यांची फ्रिक्वेन्सी एवढी खालची, साधारण ३०० हर्ट्झपासून १०,००० पर्यंत, की आपला कान जे ऐकतो तीच ती रेंज, त्यामुळे ट्यूनिंग बिनिंग काही लागत नाही, अँटेना म्हणून एक उभा दांडा, साधा ॲम्प्लिफायर आणि हेडफोन, झालं. अरोरा दिसताना नुसत्या कानाला काही ऐकू येतं का हा वाद वेगळा, त्यात मी पडत नाही.

मी टेलिफोन खात्यातनं रिटायर झालेला माणूस, गुहागर तालुक्यात राहतो. भाचा नॉर्वेत ट्रॉम्सोला असतो, त्याने दोन वर्षांपूर्वी एक रेकॉर्डिंग पाठवलं. पहाटे आमच्या परसात पक्षी कसे एकदम सुरू होतात, डिट्टो तसं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉनमुळे त्या लहरी उठतात, आणि पहाटेच्या वेळी जास्त ऐकू येतात म्हणून त्याला डॉन कोरस म्हणतात. खास अरोराबरोबर येते ती नुसती फुसफुस, प्रेशर कुकरची शिट्टी पडायच्या आधी येते ना तशी. तुमच्या लेखात या दोन्हींची खिचडी झालीय.

आता गावातली पोरं विचारतात, काका आपल्याकडे येईल का ऐकू? नाही येणार. १० मे २०२४ ला सौरवादळ आलं तेव्हा लडाखला हान्लेवरनं आभाळ लाल दिसलं, आमच्या ग्रुपवर लगेच फॉरवर्ड सुरू, मी पण दांडा घेऊन सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, गेलो होतो, कोरसचा क नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या एवढे जवळ आहोत आपण, कसला येतोय.

पण जे येतं त्याबद्दल लेखात एक ओळ नव्हती, आणि माझी तक्रार तीच आहे. दिवसा नुसती कडकड ऐकू येते, गरम तेलात मोहरी टाकल्यासारखी, ती म्हणजे शेकडो हजारो किलोमीटरवर पडणाऱ्या विजा. रात्री मात्र त्यातली एखादी कडकड बदलते आणि 'च्युंव्' करून खाली घसरते. तो ट्वीक. रात्री आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा रेडिओ लहरी परतवणारा वरचा थर, साधारण ८५-९० किलोमीटरवर असतं, ते आणि जमीन यांच्यामध्ये ती लहर आपटत आपटत येते, आणि १७०० हर्ट्झच्या आसपासचा भाग मागे रेंगाळतो म्हणून ते घसरणं ऐकू येतं. लांब शिट्टी वाजते ती व्हिसलर, ती तर अवकाशात जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरते. पहिल्या महायुद्धात बार्कहाउझेन नावाचा जर्मन शास्त्रज्ञ शत्रूचे फोन चोरून ऐकत होता, त्याला ती लाईनवर सापडली. (आम्ही पण लाईनवर बरंच काही ऐकलं, शिट्टी कधी नाही.) आपल्याकडे ती क्वचित, मला अजून मिळालेली नाही.

खरा त्रास लाईटचा. ५० हर्ट्झची घुंऽऽ आणि तिच्या पटीतली सगळी पिल्लं. वाडीपासून लांब सड्यावर गेल्याशिवाय धड ऐकू येत नाही, माडाखाली तर अजिबात नाही, झाडं सिग्नल खातात. गेल्या मे मध्ये वळवाच्या पावसात फांदी लाईनवर पडली, दोन रात्री सगळा अंधार, बायको डासांनी वैतागलेली आणि मी दुसऱ्या रात्री सड्यावर मिनिटाला तीस-चाळीस ट्वीक मोजत बसलेलो. (पाऊस लांब गेल्यावरच हो, वीज डोक्यावर असताना उघड्यावर दांडा धरून उभं राहायचं नाही, पोरांना मुद्दाम सांगतो.)

हे लाईटचं दुखणं नवीन नाही. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवावं लागलं, १९०४ पासून तिथे नोंदी आहेत, इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. पुढच्या वेळी नॉर्वेचा फोटो छापण्यापेक्षा एखादा वार्ताहर अलिबागला पाठवा, एस्टीने जाऊन येईल.

एक राहिलं. सुरवातीला तीन रात्री मला दर सेकंदाला एक 'टक्' येत होता, अगदी घड्याळासारखा. वहीत वेळा लिहिल्या, भाच्याला रेकॉर्डिंग पाठवलं, मनात म्हटलं आपण काहीतरी शोधलं. चौथ्या दिवशी कळलं, शेजाऱ्याने माकडं-डुकरांसाठी कलमांच्या बागेला सोलरचं झटका मशीन लावलंय, त्याचा ठोका तो. त्याला मी अजून सांगितलेलं नाही, तो तुमचाच पेपर घेतो, छापलंत तर कळेल.

आपला,
एक जुना वाचक, ता. गुहागर