लेदर सीट आणि खोबरेल तेलाचा सल्ला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळ्यानंतर गाडीची काळजी कशी घ्यावी, याविषयी आपल्या पुरवणीत नुकताच आलेला लेख बहुतांशी उपयुक्त होता. टायर, वायपर आणि बॅटरी यांबद्दल त्यात जे सांगितले आहे ते मला पूर्ण पटले. मात्र लेदरच्या सीट मऊ राहाव्यात म्हणून पंधरा दिवसांतून एकदा त्यांवर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा, हा त्यातला सल्ला वाचून स्वस्थ बसवेना. मी ३१ वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे, आणि आमच्या घरच्या गाडीच्या सीट नेमक्या याच समजुतीपायी एकदा खराब झालेल्या आहेत. म्हणून हे पत्र.

चामडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोल्हापुरी वहाण येते. ती बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याची असते व तिच्यावर कसलाही लेप नसतो, त्यामुळे ती तेल पिते आणि नरम पडते. नवी वहाण पायाला लागू नये म्हणून तिला रात्री तेल लावून ठेवणे हा आपल्याकडचा जुना आणि योग्य उपाय आहे. गाडीच्या सीटचे चामडे मात्र त्या जातीचे नव्हे. ते बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते, काही ठिकाणी क्रोमियम टाळूनही कमावतात. पण दोन्ही प्रकारांत मऊपणासाठी लागणारे तेल कारखान्यातच तंतूंमध्ये मुरवतात आणि मग त्यावर रंगाचा व रंगावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर चढवतात. हा सगळा लेप साध्या कागदापेक्षाही पातळ असतो, तरी सीटवर बसताना आपला स्पर्श होतो तो या लेपाला, चामड्याला नव्हे. वरून चोळलेले तेल अशा सीटमध्ये जिरत नाही. शिवणीतून आणि बारीक भेगांतून थोडेफार आत उतरते, बाकीचे वरच राहून धूळ धरते, उन्हात तापून खवट होते आणि मुंबईच्या दमट हवेत बुरशीला आयते खाद्य पुरवते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गणपतीला कोकण रेल्वेने गावी गेलो, तेव्हा गाडी दहा-अकरा दिवस सोसायटीच्या आवारात बंद होती. निघण्यापूर्वी मुलाने हौसेने सीटना तेल लावले होते. परत येऊन दार उघडले तो कुबट वास आला, आणि पाहतो तर जिथे जिथे तेलाचा हात फिरला होता तिथे तिथे तळहाताएवढे करडे-हिरवट ठिपके पसरलेले. दाराच्या आतल्या प्लास्टिकवर आणि तेल न लागलेल्या मागच्या सीटच्या पाठीवर मात्र बुरशीचा मागमूस नव्हता. घाईने आम्ही गाडी उपनगरातल्या एका वॉशिंग सेंटरला नेली. तिथल्या मुलाने नाव-गाव नसलेल्या बाटलीतून फवारा मारला, फेस काढला, कडक ब्रशने घासले आणि शेवटी कसलेसे पॉलिश लावून सीट आरशासारख्या चकचकीत करून दिल्या. त्या दिवशी आम्ही खूश होतो. पण महिन्या-दोन महिन्यांत ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, जिच्यावर घासत माणूस गाडीत चढतो-उतरतो, ती खरखरीत होऊन तिचा रंग उडू लागला आणि खालचे राखाडी चामडे दिसायला लागले.

मी त्या दुकानातून थोडेसे द्रावण मागून आणले. त्या मुलाने ते विनातक्रार दिले, हे इथे नोंदवायला हवे. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली पीएच पट्टी (पीएच ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी) त्यात बुडवताच पिवळी पट्टी निळी झाली आणि डबीवरच्या १० आकड्याच्या खान्याशी जुळली. कमावलेले चामडे मुळात आम्लधर्मी असते, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ यांच्या दरम्यान राहतो. पीएचच्या मापनात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, म्हणजे ५ आणि १० यांत एक लाखपट अंतर आहे, हे नववी-दहावीच्या मुलांना मी फळ्यावर लिहून दाखवत असे. तीव्र अल्कधर्मी द्रावणाने वरचा लेप हळूहळू कमकुवत होतो, आणि लेप जिथे झिजला असेल तिथून ते आत गेले तर तंतूंतले तेल व कमावणीची रसायने सैल करते. मग चामडे कडक होते आणि घडीवर चिरते. कपड्यांचा साबण, भांड्यांची पावडर, खाण्याचा सोडा, अमोनिया असलेला काचेचा स्प्रे ही सगळी याच बाजूची मंडळी. थिनर, नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन आणि स्पिरिट यांचा दोष वेगळा, ती लेपच विरघळवतात. पांढरा ‘मॅजिक’ स्पंज रसायन नसल्यामुळे निरुपद्रवी वाटतो, पण तो मेलामाइनचा अतिबारीक पॉलिशपेपरच असतो आणि डागासोबत लेपही खरवडतो.

म्हणून कुठलीही बाटली विकत घेण्यापूर्वी आपली सीट कशाची आहे, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शिवून मिळणाऱ्या ‘नापा’ (मऊ चामडे) म्हणवल्या जाणाऱ्या अनेक कव्हरांत, चामडे नसतेच. ते लेदरेट असते, म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर. गाडीच्या माहितीपत्रकात हा शब्द छापलेला असतो, तो शोधावा. शिवाय अनेक ‘लेदर’ गाड्यांत बसायचा भाग तेवढा चामड्याचा आणि बाजू व पाठीमागचा भाग लेदरेटचा असतो. लेदरेटला कंडिशनरचा, म्हणजे चामडे मऊ राहावे म्हणून चोळायच्या क्रीमचा वा लोशनचा, काही उपयोग नाही. मुंबईत जुन्या सोफ्याची आणि पर्सची साल पापुद्र्यांनी निघते, ती पॉलियुरेथेनचा थर दमट हवेतल्या पाण्याने आतून तुटत गेल्यामुळे, आणि हजार रुपयांचे क्रीम चोळले तरी ती क्रिया थांबत नाही. अशा सीटला ओलसर फडका आणि सौम्य साबणपाणी पुरते. त्यावर पैसे खर्चू नयेत.

खऱ्या चामड्यावर लेप आहे की नाही, हे पाहायला हेडरेस्टच्या मागे किंवा सीटच्या खालच्या कडेला, सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर सीट लेप दिलेली आहे. तो जिरून डाग गडद झाला तर ते लेप नसलेले अ‍ॅनिलीन चामडे आहे, किंवा लेप पुरता झिजला आहे. अशा सीटवर पाणी आणि फेस जपून वापरावा व त्या जातीसाठी म्हणून वेगळे मिळणारे क्लीनरच घ्यावे. मखमलीसारख्या लव असलेल्या सीटला यातले काहीच लावायचे नसते, तिला मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम.

आता निवडीविषयी. क्लीनर आणि कंडिशनर ही दोन वेगळी कामे आहेत, आणि माझ्या अनुभवात पहिले काम दुसऱ्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. सीट चिरते ती बहुतेकदा तेल कमी पडल्यामुळे नव्हे, तर सुरकुत्यांत बसलेली धूळ रोजच्या उठण्या-बसण्यात पॉलिशपेपरासारखी लेपावर घासली गेल्यामुळे. आणि त्यात घाम, डोक्याचे तेल व काचेतून येणारे ऊन यांची भर पडते. ‘एकाच बाटलीत सफाई, पोषण आणि चमक’ असे म्हणणारे द्रावण मी घेत नाही, कारण त्यातल्या मेणाने वा तेलाने मळ उचलला जाण्याऐवजी दाबला जातो. क्लीनर पाण्यावर आधारलेला, लेप दिलेल्या मोटारीच्या लेदरसाठी असे स्पष्ट लिहिलेला आणि पीएच ७ च्या आसपास किंवा किंचित खाली असलेला हवा. घोड्याच्या खोगिरांसाठीचा सॅडल सोप नावाने भारदस्त वाटतो, पण तो लेप नसलेल्या जाड चामड्यासाठी आहे आणि बहुधा अल्कधर्मी असतो. बाजारातले काहीच घ्यायचे नसेल तर गाडीसोबत आलेले पुस्तक उघडावे. टोयोटाच्या पुस्तिकांत लोकरी कपड्यांचे सौम्य डिटर्जंट पाण्यात साधारण ५ टक्के मिसळून वापरायला सांगितले आहे. म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे ५० मिलिलिटर. रेशमी साड्यांसाठी घरात असणारे ते द्रव या कामी येते, मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने ते पूर्ण टिपून घ्यावे लागते इतकेच.

लावण्याची पद्धतही बाटलीइतकीच महत्त्वाची आहे. द्रावण सीटवर फवारू नये, फडक्यावर किंवा मऊ ब्रशवर घ्यावे. हल्ली हवा खेळती ठेवणाऱ्या सीटना बारीक छिद्रे असतात आणि आत पंखा असतो, पुढच्या सीटच्या पोटात बेल्टची आठवण देणारा सेन्सरही असतो. तिथे पाणी मुरू देणे परवडणारे नाही. शक्यतो पांढरा सुती फडका घ्यावा, म्हणजे निघालेला मळ दिसतो. आमच्या फिकट बदामी सीटची कड पहिल्यांदा अशी पुसली तेव्हा तो फडका चहात बुडवल्यासारखा तपकिरी झाला होता, आणि तिसऱ्या फडक्याला तो जवळजवळ स्वच्छ निघाला. फिकट सीटवर नव्या जीन्सची निळाई उतरते, तीही आठ-पंधरा दिवसांत पुसली तर बऱ्याच अंशी निघते. उन्हात सहा महिने मुरू दिली तर लेपात शिरते आणि मग कितीही महागडे औषध आणले तरी हलत नाही.

कंडिशनर अजिबात नको, असे माझे म्हणणे नाही. लेप दिलेल्या सीटवर त्याचे काम मर्यादित आहे. तो लेपाला थोडी लवचीकता देतो, घर्षण आणि करकर कमी करतो, आणि त्यात अतिनील किरणांपासून बचाव करणारा घटक असेल तर मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत तो खरोखर उपयोगी पडतो. अर्धवट लेप असलेल्या किंवा जुन्या, झिजलेल्या चामड्याला त्याची गरज अधिक असते. पण तो पाण्यातल्या पातळ लोशनसारखा, रंगहीन आणि पुसल्यावर मॅट राहणारा असावा. सिलिकॉन तेल किंवा पेट्रोलियमजन्य घटक असलेले चकाकीचे पॉलिश टाळावे, कारण त्याने सीट निसरडी होते, धूळ चिकटते, आणि पुढे कधी सीटवर नव्याने रंग चढवायची वेळ आली तर सिलिकॉनवर रंग धरत नाही. चांगल्या सीटला नव्या गाडीत असते तशी मंद, कोरडी छटा असते, तुकतुकी नव्हे. तीन-चार महिन्यांतून एकदा, आधी स्वच्छ केलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या सीटवर, अगदी पातळ हात पुरतो. जून ते सप्टेंबर मी तो लावतच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, दारे उघडी ठेवून लावते.

पावसाळ्यात करण्यासारख्या गोष्टी दोनच: ओली छत्री आणि रेनकोट सीटवर टाकू नये, आणि गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर मधूनमधून कुणाला तरी दारे उघडून तास-दोन तास हवा खाऊ द्यायला सांगावे. बुरशी आलीच तर तोंडाला फडके बांधून ती आधी कोरडीच, गाडीबाहेरच्या बाजूला झटकत पुसावी, मग सौम्य द्रावण. ब्लीच वापरू नये.

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे अशा बाटलीवर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता, परिमाण, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. दुकानातल्या बिनलेबल बाटलीला ग्राहकाने नाही म्हणायला हे एवढे पुरेसे आहे, आणि ‘लेदरला पोषण देऊन आयुष्य दुप्पट करते’ यासारख्या दाव्यांबद्दल १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. परंतु द्रावणाचा पीएच किती, त्यात सिलिकॉन आहे का, ते लेप दिलेल्या चामड्यासाठी आहे की लेदरेटसाठी, या तीन गोष्टी त्या यादीत नाहीत. काही कंपन्या त्या स्वतःहून छापतात. मी मागच्या वेळी दुकानात सात बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या, तर पीएच फक्त दोनांवर होता, आणि त्या दोनांपैकी एक सर्वांत स्वस्त होती. हे घटक छापणे सक्तीचे व्हावे यासाठी ग्राहक संघटनांनी पाठपुरावा करावा, असे मला मनापासून वाटते.

आमच्या गाडीची ती कड अखेर एका कारागिराकडून रंगवून घ्यावी लागली. रंग लावण्यापूर्वी आधीचे पॉलिश उतरवण्यातच त्याचा अर्धा दिवस गेला. आपली पुरवणी हजारो घरांत कापून जपली जाते, आमच्या घरीही तिचे कात्रण फ्रिजवर आहे. तेव्हा पुढच्या अंकात खोबरेल तेलाची ती ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई