फणस उतरवून घेतले आहेत

२१ जून, पहाटे

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

दादाने सांगितलं असेलच. बयाणा परत केला. गावचं घर विकत नाही, आणि पावसाळाभर मी इथेच राहणार आहे. फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून पत्र. आई, एवढंच वाचून चष्मा काढून बसू नकोस, पुढचंही वाच.

पुण्याची नोकरी रागाने सोडली नाही. एकवीस वर्षं केली, पुरे झाली. फ्लॅटचं भाडं येतं, दोघा-तिघांचे हिशेब मी इथून बघते. वळणावर रेंज मिळते. सिलिंडर दोन आहेत, इन्व्हर्टर बसवला, न्हाणीघरावरची कौलं मिरगाआधी परतून घेतली. रात्री सोबतीला पलीकडची मावशी येते. तात्यांच्या वेळी झालं तसं काही होणार नाही. आणि लांब तरी कुठे आहे मी? पुण्याहून यायला रात्र मोडायची, इथून सकाळची बस धरली की नाश्त्याला तुमच्या दारात.

बघा, किती कारणं दिली. खरं कारण एकच, आणि ते सांगायला जरा लाजच वाटते. गवा.

मेच्या शेवटी, गिऱ्हाइकाला शेवटचा होकार कळवायच्या दिवशी, पहाटे तोंडात ब्रश घेऊन विहिरीकडे गेले. गोठ्यापलीकडे फणसाखाली काहीतरी काळं. वाटलं, कुणाची म्हैस सुटली. हुसकायला हात वर केला आणि पायांकडे लक्ष गेलं: गुडघ्यापर्यंत पांढरे, मोजे घातल्यासारखे. हात वरच राहिला. वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता, म्हणून त्याला पत्ता नव्हता. तोंडाला फणसाचा चीक, चिकाला एक वाळकं पान, ते जिभेने काढायची त्याची धडपड चाललेली. निघेना. हजार किलोच्या घरातलं जनावर आणि एका पानाने बेजार! मग मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, लांब फुस्स केलं आणि बांबूत शिरला. बांबूंचा आवाज थांबला तेव्हा कळलं, पेस्टचा फेस गळ्यापर्यंत ओघळला होता.

मला वाटलं, उजवा कौल मिळाला. घर विकू नको म्हणून देवानेच पाठवला. मावशीला सांगितलं तर ती हसत सुटली. "कसला कौल गं? फणस पिकलाय म्हणून येतंय ते. तू नसलीस तरी येतंय."

मी खट्टू व्हायला हवं होतं. झाले नाही. पुण्यात जे यायचं ते माझ्याच नावाने यायचं: मेल, बिलं, डोकेदुखी. इथे एवढा थोर जीव आला आणि त्याचं माझ्याशी काही काम नव्हतं. विहीर, गोठा, तशी मी, त्याच्या वाटेवरची. बाबा, पोथी वाचताना तुम्ही ज्याला 'मीपण गळणं' म्हणायचात ते हेच की काय, कोण जाणे. पण त्या संध्याकाळी दिवा लावला आणि देवाकडे काही मागायचंच राहून गेलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

तसे इथे गुरू पुष्कळ. शेकरू रोज सकाळी आंब्यावरून माझ्यावर खेकसतं. माळ्यावर धामण आहे (आई, धामण बिनविषारी असते, आणि उंदीर गेले). साप स्वतःचं घर बांधत नाही, हे पोथीतला अवधूत सापाकडून शिकला ना? आमची बाई बिनभाड्याची राहते. आणि बाबा, बारापेडे गुहेतली वटवाघळं जगात दुसरीकडे कुठे नाहीत, असं तुम्ही छाती फुगवून सांगायचात. ती मेघालयातही सापडलीत. वाईट वाटून घेऊ नका.

सगळंच गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. इथलं भीमगडचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं, पण गव्याला हद्द कोण दाखवणार? तो भातात शिरतो तेव्हा वर्षाचं पोट तुडवून जातो. आणि अस्वलाने ज्याला फाडलं त्याला देवाची लीला सांगायला जायची माझी छाती नाही. म्हणून दिवेलागणीनंतर मी उंबरा ओलांडत नाही. बॅटरी आणि काठी दाराशीच असतात.

दत्तजयंतीला तुम्ही चोवीस गुरू सांगायचात आणि मी बोटं मोजायचे. कपोताची, म्हणजे कबुतराची, गोष्ट आली की मी आधीच रडायला लागायचे. मग पिल्लं, आई आणि बाप जोर लावून जाळं फाडायचे आणि भुर्रकन उडायचे. दहावीत पोथी मीच उघडली तेव्हा कळलं, तिथे कुणीच सुटत नाही. पिल्लं अडकली म्हणून आई शिरते, मग बापही उडी घेतो. तुम्ही माझ्यासाठी जाळं फाडलं होतंत, बाबा. आता माझ्या काळजीने दोघं त्यात उडी घेऊ नका. मी अडकलेली नाही.

आता ऐका. बाबांनी रक्त पातळ व्हायची गोळी रात्री जेवल्यावरच घ्यायची, आठवण झाली तेव्हा नव्हे. आषाढीला दोघांनीही उपास धरायचा नाही. माझा धरते, तिघांचा म्हणून. आईने देवघराचा वरचा कप्पा पुसायला स्टुलावर चढायचं नाही. तपासणीला रिक्षानेच जायचं, रिक्षाचे पैसे वाचवून मला देऊ नका. आणि गोड कुंदा घरात आणायचा नाही, 'पाहुण्यांसाठी'सुद्धा नाही. पहिली उघडीप पडली की दादाला गाडी घेऊन पाठवा. चार दिवस या. कमोड बसवून घेतलाय, आई. गुडघ्याची सबब चालणार नाही.

तुमची,
बाबी

ता. क. मावशीच्या सांगण्यावरून झाडावरचे सगळे फणस उतरवून घेतले. फणसामागे अस्वलही येतं, म्हणाली. मला दोनेक ठेवायचे होते, तो यावा म्हणून. मग वाटलं, ही तर लाचच झाली. आठ दिवस तो आलेला नाही. कंडक्टरकडे एक कापा फणस पाठवते आहे. आई, चीक लागेल, हाताला आधी खोबरेल लाव.