लॅबमधून वॉर्डात आलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दादाला घरी सोडलं त्या दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरांना पेढे दिले, सिस्टरना दिले, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही दिले. लॅबमध्ये मात्र पेढे घेऊन कुणी जात नाही. रिपोर्ट खिडकीतून हातात येतो, त्याखालची सही कुणाची हे कोण बघतं? म्हणून चारचौघांत हे पत्र लिहितोय. नाव घालू नका असं बजावलंत, ते पाळतो. बाकीचं सांगणार.

दादाला आणलं तेव्हा तापाने फणफणलेला, मान ताठ, बोलणं असंबद्ध. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं आणि बीपी वाढून शीर फुटली असंच सगळ्यांना वाटलं. आमच्या घराण्यात बीपी आहेच, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. पण ताप होता, म्हणून पाठीतलं पाणी काढलं. ते लालभडक आलं. सुई टोचताना एखादी शीर दुखावली तरी असं होतं म्हणे. तुम्ही तिन्ही बाटल्या उजेडात शेजारी शेजारी धरून पाहिल्यात. सुईचं रक्त असेल तर पहिल्या बाटलीपेक्षा तिसरी फिकट दिसते. इथे तिन्ही सारख्याच लाल होत्या.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली अँथ्रॅक्सच्या जंतूचं जीवनचक्र दाखवलं, हे वर्गात सांगत आलोय. जंतू मात्र पहिल्यांदा पाहिला तो तुमच्या मायक्रोस्कोपखाली, आणि तोही सख्ख्या भावाच्या पाण्यातला. जाड, जांभळ्या, चौकोनी टोकांच्या काड्या, बांबूच्या पेरांसारख्या एकीला एक जोडलेल्या. या कुळातले बरेच जंतू धुळीत-मातीत सगळीकडे असतात, त्यामुळे स्लाइडवर दिसले की ‘बाहेरून पडले असतील’ म्हणून सोडून दिले जातात, असं तुम्ही सांगितलंत. तुम्ही सोडले नाहीत. दुसरी स्लाइड मिथिलीन ब्लूने रंगवलीत. निळ्या काड्यांभोवती गुलाबी कड उमटली, म्हणजे जंतूंवर कवच होतं. पुढे कल्चरमध्ये, म्हणजे रक्त घातलेल्या प्लेटवर, वाढवलेले जंतू जागचे हलत नव्हते आणि प्लेटमधलं रक्तही विरघळवत नव्हते, हीही अँथ्रॅक्सचीच खूण; पण त्यासाठी तुम्ही थांबला नव्हतात.

तुम्ही स्वतः उठून वॉर्डात आलात. वहिनीला विचारलंत, ‘‘घरात एखादं जनावर मेलं का हल्ली?’’

वहिनी म्हणाली, ‘‘मेला खंय? मराच्या आदीच कापला.’’

घाटावरच्या बाजारातून आणलेला बोकड सकाळी एकाएकी आडवा झाला, फुकट जायला नको म्हणून दादाने कापला आणि वाडीत वाटे घातले. तुम्ही दादाची बाही वर सारलीत. मनगटाच्या वर काळी खपली होती, कडेने सूज, पण दाबलं तरी त्याला दुखत नव्हतं. चुलीचा चटका असेल असं समजून वहिनी त्यावर खोबरेल लावत होती. ती काळपुळी होती, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या अँथ्रॅक्सची जखम.

मेंदूज्वरात नेहमी देतात ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दादाला सुरू होतं. हा जंतू त्या गटातली औषधं निकामी करणारं रसायन स्वतःच तयार करतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून चालणार नाही, हे तुम्ही वॉर्डातल्या डॉक्टरांना तिथेच सांगितलंत. त्यांनीही मानापमान मध्ये आणला नाही, त्यांचेही आभार. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मेरोपेनेम आणि लिनेझोलिड अशी तिन्ही औषधं शिरेतून सुरू झाली, सूज उतरायला डेक्सामेथासोन. तीन कशाला, असं मी विचारलं होतं. पहिली दोन जंतू मारतात आणि मेंदूपर्यंत पोचतात. लिनेझोलिड जंतूचं प्रथिनं बनवणंच अडवतं, त्यामुळे नवं विष तयार होत नाही, असं तुम्ही म्हणालात. मेंदूपर्यंत गेलेला अँथ्रॅक्स शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना नेतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. त्या वेळी राग आला होता. आता वाटतं, खरं बोललात म्हणून पुढची प्रत्येक गोष्ट आम्ही निमूट ऐकली.

वाडीचं तर वेगळंच. आमच्या घरचं पाणी प्यायला लोक कचरू लागले. तुम्ही सरपंचांच्या फोनवर, स्पीकर लावून, सगळ्यांना सांगितलंत की हा माणसाकडून माणसाला लागत नाही. ज्यांनी मटण हाताळलं, खाल्लं, त्यांनी मात्र तपासून घ्या आणि दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नका. बोकड कापला त्या जागी कुणी खणायचं नाही, हेही त्यातच. रक्ताला हवा लागली की जंतूचे बीजाणू होतात आणि ते मातीत कित्येक वर्षं तग धरतात. पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं येऊन ती जागा बघून गेली आणि वाडीतल्या शेळ्यांना लस टोचली.

दादा आता माडाच्या बागेपर्यंत चालत जातो. डाव्या कानाने कमी ऐकतो, त्यामुळे टीव्ही मोठ्याने लावतो आणि वहिनीशी भांडतो. शेळ्या पाळायच्या की नाहीत यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. पाळल्याच, तर दरवर्षी पावसाआधी लस, असं गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांना तुमच्याशी बोलायचंय, मी नंबर देऊन ठेवलाय. चालेल ना?

आपला,
दादाचा धाकटा भाऊ