बांबूचं झाकण आणि आतला डिंक

महोदय,

एकाच पाटावर फोन, घड्याळ आणि इअरबड्स चार्ज करणाऱ्या, बांबूचं झाकण असलेल्या वायरलेस चार्जरला ‘पर्यावरणस्नेही’ म्हणणारा मजकूर आपल्या पुरवणीत आला आहे. त्यातलं ‘पर्यावरणस्नेही’पण बांबूच्या झाकणापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. चार्जर टिकतो की कचऱ्यात जातो हे झाकणाखाली ठरतं, म्हणून थोडं तपशिलात.

आधी झाकणच घेऊ. चार्जरची कॉइल (तांब्याच्या तारेचं वेटोळं) आणि फोनच्या पाठीतली कॉइल जितक्या जवळ तितकी वीज नीट पोचते. प्लॅस्टिकचं झाकण दीड-दोन मिलिमीटरमध्ये भागतं, बांबूला मजबुतीसाठी चारेक लागतात. मग कॉइलच्या जागी बांबू आतून कोरून पातळ करतात. नेमका तोच भाग रोज तापतो, सुकतो आणि तिथंच तडा जातो. शिवाय बांबू उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आम्हांला बांबूचं वावडं नाही. तो कडेला वापरावा, कॉइलवर नको.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. फोन बरोबर मधोमध असेल तर आत येणाऱ्या विजेतली साधारण ७० टक्के फोनपर्यंत पोचते. म्हणजे १५ वॅट द्यायला २१ वॅट घ्यावे लागतात आणि सहाएक वॅटची नुसती उष्णता होते. फोन थोडा सरकला आणि कार्यक्षमता ५५ टक्क्यांवर आली, की त्याच १५ वॅटसाठी २७ वॅट लागतात आणि उष्णता दुप्पट होते. त्यातली बरीच फोनच्या पाठीत, म्हणजे बॅटरीला चिकटून. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, तेव्हा चार्जरनं वाचवलेला कचरा फोनच्या बाजूनं परत येतो. म्हणूनच वायरलेस चार्जिंगच्या, २०२३मध्ये जाहीर झालेल्या ‘ची २’ मानकातलं चुंबकाचं कडं फार कामाचं आहे. (मानकाचं नाव ‘ची’. मराठी वाक्यात ते षष्ठीच्या प्रत्ययासारखं वाचलं जातं, त्याला इलाज नाही.) फोन आपोआप जागेवर बसतो.

याउलट ‘पाटावर कुठंही ठेवा’ ही कल्पना. तिच्यासाठी अनेक कॉइली एकमेकींवर चढवाव्या लागतात, तांबं आणि फेराइट (चुंबकीय क्षेत्र आवरून धरणारा पदार्थ) वाढतं, शेजारच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत घुसतं. ॲपलनं २०१७मध्ये जाहीर केलेला ‘एअरपॉवर’ असाच होता. मार्च २०१९मध्ये तो आपल्या दर्जाला उतरत नसल्याचं सांगून कंपनीनं प्रकल्प बंद केला. तीन वस्तूंना तीन ठरलेल्या जागा, हेच शहाणपणाचं. फोन आणि इअरबड्स यांच्या कॉइलींच्या केंद्रांत ९० ते १०० मिलिमीटर अंतर ठेवावं. घड्याळाची जागा उभी आणि सुटी करता येईल अशी हवी, कारण बरीच घड्याळं ‘ची’ मानक पाळतच नाहीत. घड्याळ बदललं तर तेवढाच तुकडा बदलता यावा.

कॉइलींमधलं अंतर कमी ठेवलं तर आणखी एक गोष्ट बिघडते. फोन आणि चार्जर यांच्या मधे नाणं, किल्ली किंवा गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी आली तर चार्जरला ती कळावी लागते. फोन आपल्याला किती वीज मिळाली ते कळवत राहतो. चार्जर दिलेल्या विजेतून ती आणि स्वतःची घट वजा करतो आणि उरलेला फरक मोठा असला की थांबतो. शेजारची कॉइल चालू असताना हा हिशेब चुकतो आणि काही नसताना चार्जिंग तुटतं. तक्रारी नकोत म्हणून मग कोणीतरी मर्यादा सैल करतं, आणि एखाद्या अंगठीत वॅटभर वीज जिरू लागते. ती हातात धरवत नाही. मर्यादा ठरवताना तिन्ही जागा भरलेल्या ठेवूनच चाचणी घ्यावी.

सुट्या भागांत सगळ्यात जास्त तडजोड कपॅसिटरमध्ये (वीज क्षणभर साठवणाऱ्या भागात) होते. प्रचलित ५ वॅटच्या रचनेत ६.३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलबरोबर १०० नॅनोफॅरडचे चार कपॅसिटर समांतर लावतात. त्यांचा अनुनाद (ही जोडी ज्या वारंवारतेला सर्वांत जोरात प्रतिसाद देते ती) १०० किलोहर्ट्झला येतो आणि चार्जर त्याच्या वर, ११० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. हे कपॅसिटर ‘सी-झिरो-जी’ जातीचेच हवेत, त्यांची क्षमता व्होल्टेजखाली बदलत नाही. स्वस्त ‘एक्स-सेव्हन-आर’ घातले तर व्होल्टेजखाली त्यांची क्षमता घटते. ती ३० टक्के घटली तर अनुनाद १२० किलोहर्ट्झवर, थेट कामाच्या पट्ट्यात येतो. मग नियंत्रण बिनसतं, कपॅसिटर तापतात आणि बोर्ड काळा पडतो. कॉइलखालची फेराइटची चकती कॉइलच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर आलेली असावी. ती काचेसारखी ठिसूळ असते, म्हणून खाली सिलिकॉनची मऊ पट्टी द्यावी. उष्णता काढायला ॲल्युमिनियमचा तळ चालतो, पण फेराइटच्या खालीच. कॉइलच्या कडेला धातू आला की तोच तापू लागतो.

वीजपुरवठ्याचं पाहू. फोनला १५, बाकी दोघांना पाच-पाच, म्हणजे २५ वॅट द्यायचे तर आत ३६ लागतात. यूएसबी-सीच्या ४५ वॅटच्या ॲडॅप्टरकडून १५ व्होल्ट, ३ अँपिअर मागावेत. १२ व्होल्टवर विसंबू नये, तो टप्पा प्रत्येक ॲडॅप्टरमध्ये असतोच असं नाही. २० वॅटचा ॲडॅप्टर लावला तर चार्जरनं फोनचा वेग कमी करावा. दर मिनिटाला बंद-चालू होत राहू नये. ॲडॅप्टर खोक्यात देऊच नये, घरात बहुधा असतो.

आणि रिकामा असतानाचा खर्च! वस्तू ठेवली आहे का हे चार्जर सतत चाचपत असतो. तीन जागांचे मिळून ०.३ वॅट धरले तर वर्षाला २.६ युनिट होतात. १५ वॉट-तासांची फोनची बॅटरी रोज पूर्ण भरली तरी वर्षाला तिच्यात जातात साडेपाच युनिट. म्हणजे तिच्या जवळपास निम्म्याइतकी वीज नुसत्या वाट पाहण्यात. दोन चाचपण्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाऐवजी एक सेकंद करावं आणि बाजूला खटक्याचं साधं बटण द्यावं. फोननं ‘भरलो’ असं कळवल्यावर रात्रभर त्याला पुन्हा पुन्हा उठवू नये.

राहिली दुरुस्ती. सर्वांत आधी झिजतं ते यूएसबी-सीचं सॉकेट. ते बोर्डाच्या आरपार पाय असलेलं आणि वेगळ्या छोट्या बोर्डावर हवं. तिन्ही जागांचे बोर्डही वेगवेगळे आणि कनेक्टरनं जोडलेले असावेत. यात सामान थोडं जास्त लागतं हे मान्य, पण वीज चालू-बंद करणारा एक मॉस्फेट गेला म्हणून तिन्ही कॉइली फेकाव्या लागत नाहीत. तळ डिंकानं चिकटवू नये. चार स्क्रू द्यावेत आणि ते रबरी पायांखाली लपवू नयेत, कारण एकदा उचकटलेला पाय पुन्हा नीट चिकटत नाही. स्क्रूसाठी प्लॅस्टिकमध्ये पितळी आटे बसवावेत. नुसत्या प्लॅस्टिकचे आटे दोन-तीनदा उघडलं की झिजतात आणि दुरुस्त करणारा शेवटी डिंकच लावतो.

पुढच्या वेळी अशा वस्तूंचं परीक्षण छापताना ॲडॅप्टर आणि चार्जर यांच्या मधे यूएसबीचा वॉटमीटर लावून तीन आकडे टिपावेत: पाट रिकामा असताना, फोन मधोमध असताना आणि पाच मिलिमीटर सरकवल्यावर. दोन्ही वेळा फोनची बॅटरी ३० टक्क्यांच्या आसपास असावी. भरत आलेला फोन आपणहून कमी वीज घेतो आणि आकडा फसवा येतो.

आपले,
इलेक्ट्रॉनिक्सच्या रचना व दुरुस्तीत काम करणारे काही वाचक