ग्रंथपाल काकांना, पुढच्या पुस्तकासाठी

काका, नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "चाल, चहा घेऊ" म्हणून विषय उडवला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

हरभऱ्याच्या ओलिताला लाईन रात्रीची. मोटर सुरू केली की मधून मधून उठून स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, बाकी वेळ रिकामा. शिवारात मोबाईलला रेंज नाही. अशानं माणूस वाचायला लागतो, पण वाचायचं काय? तालुक्याच्या दुकानात स्पर्धा परीक्षेची गाईडं, नाहीतर श्रीमंत व्हायचे उपाय.

तुम्ही मला "कोणता विषय आवडते?" असं कधी विचारलं नाही. विचारायचे, "कोन्तं पुस्तक अर्धं सोडलं? कुठं सोडलं?" ऐतिहासिक कादंबरीतल्या लढाया मी वाचल्या होत्या, दरबारातली भाषणं आली की झोप लागायची. एवढ्यावरून तुम्ही उद्धव शेळक्यांची 'धग' हातात ठेवली. कादंबरी 1960 सालची, पण त्यातली कौतिक आपल्या वऱ्हाडीत बोलते. आमच्या घरातलं बोलणं छापून येऊ शकतं, हेच मला नवीन होतं. दुःख एवढं की मधे दोनदा पुस्तक मिटवून ठेवलं, तरी सोडवलं नाही.

मग जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा दिलात. 1909 साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाची ही सोय आहे, असं तुमचं म्हणणं: एका अंकात दहा-पंधरा लेखक चाखता येतात, ज्याची कथा आवडली त्याचं पुस्तक मागायचं. साधी गोष्ट, पण मला कोणी सांगितली नव्हती. दुसरी युक्ती तर मी आता गावातल्या पोरांनाही सांगतो. कपाटाआधी परत आलेल्या पुस्तकांचं टेबल बघायचं. कपाटातली पुस्तकं कोणी तरी विकत घेतलेली असतात, टेबलावरची कोणी तरी वाचलेली.

अन् सगळ्यात मोठे उपकार म्हणजे, "पटलं नाई तं वापस आन, पैसे थोडीच लागले." तुम्ही प्रेमानं दिलेलं एक प्रवासवर्णन मी वीस पानांत परत केलं, तरी तुमचा चेहरा उतरला नाही. तुम्ही फक्त रजिस्टरवर मान खाली घालून म्हणालात, "बरं झालं, आता समजलं." शाळेत असं कोणी म्हटलं असतं तर आमच्या वर्गातली निम्मी पोरं आज वाचत असती, असं मला वाटतं.

'बारोमास' मागच्या आठवड्यात संपवली. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली आहे म्हणून नाही, सदानंद देशमुख बुलढाण्याकडचे म्हणून घेतली होती. भारी आहे, पण काका, आता काही दिवस पुस्तकात तरी नापिकी नको. पराटीची वेचणी आटोपली की येतो. काहीतरी पोट धरून हसवणारं काढून ठेवा.

तुमचा,
ओलितवाला वाचक