ग्लासगोहून, वर्ष संपता संपता

ग्लासगो, ३१ डिसेंबर २०१९

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. ‘तिकडे टीव्हीत नेमकं काय चाललंय,’ असं विचारलं होतंस ना, आज सुट्टी आहे, सगळं सांगतो.

यंदा २४ फेब्रुवारीला इथे बीबीसी स्कॉटलंड ही नवी वाहिनी सुरू झाली. संध्याकाळी सात ते मध्यरात्र स्वतःचे कार्यक्रम, वर्षाचं बजेट सुमारे ३ कोटी २० लाख पौंड. पहिल्याच रात्री ‘स्टिल गेम’ या विनोदी मालिकेचा शेवटचा सीझन लागला. जॅक आणि व्हिक्टर या दोन म्हाताऱ्यांवर ग्लासगोकरांचा फार जीव. मी शेजाऱ्यांकडेच बघायला बसलो होतो. निम्मे संवाद मला कळले नाहीत, पण सगळं घर हसत होतं आणि मलाही हसू आवरेना.

माझा खरा जीव जडला तो ‘द नाइन’वर. रात्री नऊला तासभर बातम्या. आधी इथे सहा वाजता लंडनच्या बातम्या आणि साडेसहाला स्कॉटलंडच्या, अशीच सवय होती. १९९९ पासून इथलं आरोग्य आणि शिक्षण एडिंबराच्या स्कॉटिश संसदेकडे आहे. त्यामुळे लंडनहून दवाखान्यांची किंवा शाळांची बातमी आली, की ती बऱ्याचदा फक्त इंग्लंडची असते. जगाच्या बातम्याही ग्लासगोतून सांगाव्यात, ही मागणी वीसेक वर्षं चालली होती; ‘द नाइन’मध्ये तेच होतं. आपल्याकडे संध्याकाळी मराठी बातम्या आणि मग दिल्लीच्या, तसंच थोडंफार. ११ सप्टेंबरला एडिंबराच्या कोर्टाने लंडनची संसद तहकूब करणं बेकायदा ठरवलं, तेव्हा तर कायदाही इथला, कोर्टही इथलंच; मग बातमीही इथूनच नको का? प्रेक्षक कमी म्हणून वर्तमानपत्रं या वाहिनीवर टीका करतात. मला ते पटत नाही. नव्या झाडाला पहिल्याच वर्षी कोणी फळं मागतं का?

आता माझ्या कामाचं. एका छोट्या निर्मिती संस्थेत मी एडिटिंग शिकतोय. उन्हाळ्यात गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतल्या एका माहितीपटाचं काम आलं. लुईस बेटावरच्या एका आजींची मुलाखत होती. गेलिकसाठी २००८ पासून बीबीसी अल्बा ही वाहिनी आहे. २०११ च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे जेमतेम ५७ हजार निघाले. आपल्या एखाद्या तालुक्यात याहून जास्त माणसं असतील!

मला गेलिकचं अक्षरही येत नव्हतं. खाली इंग्रजी सबटायटल्स आणि कानात आजींचा आवाज. वाक्य कुठे संपतं, ते श्वासावरून ओळखायचो. आजी जवळजवळ प्रत्येक वाक्याआधी ‘हा’ म्हणायच्या. मला वाटलं, आपण बोलताना ‘हां’ म्हणतो तसंच असेल. म्हणून सगळे ‘हा’ नेटाने कापून टाकले. दुपारभर खपलो, कट अगदी स्वच्छ झाला.

संध्याकाळी आमच्या गेलिकभाषक सीनियर बाईंनी तो लावला. दोन मिनिटांत थांबवला. मग शांतपणे म्हणाल्या, “तू यांची क्रियापदं काढून टाकलीस.” गेलिकमध्ये क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं रे! ‘हा ई फुअर’ म्हणजे ‘थंडी आहे’. तो ‘हा’ म्हणजे आपलं ‘आहे’. आपण वाक्याच्या शेवटी ज्याची वाट बघतो, ते आजी आधीच सांगून टाकतात.

शरमेने मान खाली गेली. त्या आजी ऐंशीच्या पुढच्या. आयुष्यभर पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापलेली, चुलीत तेच जळण. त्यांच्या तोंडचं ‘आहे’ मी उडवलं होतं. रात्री उशिरापर्यंत बसून एकेक ‘हा’ जागच्या जागी परत लावला. मोजले, एकेचाळीस भरले. कार्यक्रम लागला, तेव्हा मी एकटाच बघत होतो. पहिला ‘हा’ ऐकला आणि डोळे भरून आले.

एक काम करशील? तुझी आजी मालवणीत गजालीला बसली, की फोन समोर ठेव आणि रेकॉर्ड कर. मधलं काही काढू नकोस, खोकलासुद्धा राहू दे. लवकर पाठव.

खालून शेजारी हाका मारताहेत, बारा वाजायला आलेत. आईला नमस्कार सांग.

तुझाच